दाखवायचे किती, लपवायचे किती

भयपटांची चर्चा निघाली की ती बहुतेक वेळा क्रमवारीवर येऊन अडते. एका बाजूला भुताखेतांचे चित्रपट हेच खरे भयपट मानणारे असतात. मुखवटा घालून सुरा परजत हिंडणारा खुनी त्यांना निव्वळ रक्तपात वाटतो. दुसऱ्या बाजूच्यांना करकरणाऱ्या दारांची जुनी हवेली हा पोरखेळ वाटतो. दोन्ही पक्ष एकच चलाखी करतात. आपल्या आवडत्या उपप्रकारातला सर्वोत्तम चित्रपट ते दुसऱ्याच्या उपप्रकारातल्या सुमार चित्रपटासमोर उभा करतात. रॉबर्ट वाइजच्या 'द हॉन्टिंग'शेजारी (1963) 'फ्रायडे द थर्टीन्थ'चा एखादा उत्तरभाग ठेवला तर निकाल आधीच लागलेला असतो, आणि जॉन कार्पेंटरच्या 'हॅलोवीन'शेजारी (1978) एखादा साचेबंद हवेलीपट ठेवला तर तो उलट लागतो. अशा वादातून वाद घालणाऱ्यांच्या आवडीनिवडी कळतात, उपप्रकारांबद्दल काहीच कळत नाही. या पुस्तकाची प्रकरणे उपप्रकारांनुसार लावली आहेत, ती त्यांना गुण देण्यासाठी नव्हे. त्यामागचा विचार असा, की भयपटाचा प्रत्येक उपप्रकार म्हणजे प्रेक्षकाला काय कळू द्यायचे, केव्हा कळू द्यायचे आणि काय शेवटपर्यंत त्याच्या हाती लागू द्यायचे नाही, याबद्दल आधीच घेतलेला एक निर्णय असतो. उपप्रकाराचे बळ त्या निर्णयातून येते आणि त्याचा दुबळेपणा ही त्याच निर्णयाची किंमत असते. एक ठेवून दुसरे टाकून देता येत नाही. म्हणून एखादा भयपट जोखताना त्याने कोणता उपप्रकार निवडला यापेक्षा त्या उपप्रकाराची किंमत त्याने कशी चुकवली, हे विचारणे अधिक उपयोगाचे ठरते.

या विचाराला आपल्या परंपरेत एक जुना आधार आहे. नाट्यशास्त्राने भयानक आणि बीभत्स हे दोन रस वेगळे मोजले. पहिल्याचा स्थायीभाव भय, दुसऱ्याचा जुगुप्सा. आज भयपट म्हणताना आपण दोन्हींची सरमिसळ करतो आणि मग एकाकडून असलेली अपेक्षा दुसऱ्याकडून धरतो. भीती पुढे काय होईल याची असते, म्हणून तिला अंधार, आडोसा आणि अपुरी माहिती मानवते. किळस समोर दिसणाऱ्या गोष्टीची येते. तिला उजेड लागतो आणि कॅमेरा जवळ न्यावा लागतो. भीतीच्याही पुन्हा तऱ्हा आहेत. हिचकॉक टेबलाखाली ठेवलेल्या बॉम्बचे उदाहरण देत असे. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. पण तो तिथे आहे हे प्रेक्षकाला आधी सांगितले आणि टेबलाशी बसलेल्यांना सांगितले नाही, तर त्यांच्या साध्या गप्पाही ऐकवेनाशा होतात. म्हणजे प्रेक्षकाला पात्रापेक्षा कमी ठाऊक असणे, पात्राइतकेच ठाऊक असणे आणि पात्रापेक्षा जास्त ठाऊक असणे, या तिन्ही स्थितींतून भीती निर्माण होते, पण ती तीन वेगळ्या जातींची असते. उपप्रकारांचे खरे वेगळेपण भूत, खुनी किंवा राक्षस यांच्यात नसून या तीन स्थितींपैकी ते कुठे उभे राहतात यात आहे.

भुताटकीचा चित्रपट पहिल्या स्थितीत उभा असतो. त्याचे सगळे भांडवल न दाखवलेल्या गोष्टीत असते. 1942 साली आरकेओ स्टुडिओत निर्माता व्हॅल ल्यूटन आणि दिग्दर्शक जाक टूर्नर यांनी 'कॅट पीपल' केला तेव्हा हाताशी पैसे बेताचेच होते. त्यांनी श्वापद जवळजवळ दाखवलेच नाही. पोहण्याच्या तलावात एकट्या सापडलेल्या स्त्रीभोवती फक्त पाण्याचे हलते कवडसे, भिंतीवरची सावली आणि घुमणारी गुरगुर ठेवली. 'द हॉन्टिंग'मध्ये आतल्या बाजूला फुगत जाणारे एक बंद दार यापलीकडे भुताचे दर्शन घडत नाही, तरी ते दार अनेक पिशाच्चांना पुरून उरते. या उपप्रकाराची किंमतही टूर्नरच्याच एका चित्रपटात दिसते. 'नाइट ऑफ द डेमन'मध्ये (1957) निर्मात्याच्या आग्रहावरून सैतानाचे बुजगावणे सुरुवातीलाच आणि पुन्हा शेवटी उघड दाखवण्यात आले. बाकीचा चित्रपट संशयावर चालतो, आणि त्या संशयाची हवा पहिल्याच दृश्यात काढून घेतलेली असते. न दाखवणे हे कर्ज आहे आणि शेवटाकडे प्रेक्षक ते वसूल करायला येतो. दाखवले तर निराशा, न दाखवले तर फसवणुकीची तक्रार. 1999 साली 'द हॉन्टिंग' पुन्हा निघाला तेव्हा संगणकाने घडवलेल्या भिंती आणि पुतळे यांनी ते कर्ज फेडण्याचा प्रयत्न केला आणि भीती उरलीच नाही. दुसरी पळवाट म्हणजे शांततेनंतरचा मोठा आवाज. तो दचकवतो, पण त्याने आलेला दचका पुढच्या दृश्यापर्यंत टिकत नाही, म्हणून त्याची मात्रा वाढवत न्यावी लागते.

हिंदी चित्रपटाने या कर्जाची फेड दोन अगदी विरुद्ध मार्गांनी केलेली दिसते. कमाल अमरोहींच्या 'महल'पासून (1949) 'बीस साल बाद' (1962) आणि 'वह कौन थी?' (1964) यांपर्यंतच्या परंपरेत धुके, पांढरी साडी आणि दुरून येणारे गाणे यांनी उभी केलेली भुताटकी शेवटी माणसाची करणी निघते. त्यामुळे कथा तर्काला धरून राहते; पण उलगडा झाला की मागची सगळी भीती रद्द होते आणि पुन्हा पाहताना गाणी आणि छायाचित्रणच तेवढे आपल्याला धरून ठेवतात. रॅमसे बंधूंनी 'दो गज जमीन के नीचे'पासून (1972) नेमके उलट केले. राक्षस आहे आणि तो दिसणार, हे त्यांचे वचनच होते. 'पुराना मंदिर'मधला (1984) सामरी लहान गावांतल्या चित्रपटगृहांपर्यंत पोहोचला तो या रोखठोकपणामुळे. त्याची किंमत अशी, की राक्षस दाखवून झाल्यावर उरलेली रिळे कशाने तरी भरावी लागत. जगदीपचे 'शोले'चे विडंबन त्या चित्रपटात शिरले ते या पोकळीतूनच. दोन्ही परंपरांना ओलांडण्याचा प्रयत्न राम गोपाल वर्माने 'भूत'मध्ये (2003) केला. गाणी नाहीत, हवेली नाही, मुंबईतल्या उंच इमारतीतला एक फ्लॅट आहे. घर सोडून का जात नाहीत, हा या उपप्रकाराला नेहमी छळणारा प्रश्न तिथे बराच सौम्य होतो, कारण मुंबईत मनासारखे घर मिळाल्यावर ते सोडणे किती अवघड आहे हे प्रेक्षकाला सांगावे लागत नाही.

श्वापद आणि राक्षस यांच्या चित्रपटांत ही देवघेव अधिक उघड होते. 'जॉज'च्या (1975) वेळी बनवलेला यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सतत बिघडत असे, म्हणून स्टीव्हन स्पीलबर्गला तो तासाभराहून अधिक काळ जवळजवळ लपवूनच ठेवावा लागला. त्याची जागा जॉन विल्यम्सच्या संगीताने घेतली. ही हकिकत इतक्यांदा सांगितली गेली आहे, की लपवणे म्हणजेच कला आणि दाखवणे म्हणजे हलकेपणा असा समज दृढ झाला. तो समज कार्पेंटरच्या 'द थिंग'समोर (1982) टिकत नाही. रॉब बॉटिनने घडवलेली शरीरांची फाटणी, वितळणी आणि पुन्हा जुळणी भर उजेडात दिसते, त्यात काहीही झाकलेले नाही. झाकलेली आहे ती एकच गोष्ट: अंटार्क्टिकातल्या त्या तळावर आता माणूस कोण उरला आहे? बीभत्स पूर्ण उघडे आणि ओळख पूर्ण बंद, अशी ही विभागणी आहे. प्रदर्शित झाला तेव्हा चित्रपट पडला आणि समीक्षकांनीही त्याला केवळ किळसवाणा ठरवले. नंतर त्याची प्रतिष्ठा वाढत गेली, कारण पुन्हा पाहताना किळस बोथट झाली तरी संशय तसाच राहतो. दाखवण्याची किंमत चुकवायची तर दुसरे काहीतरी तितक्याच काटेकोरपणे लपवावे लागते, हा या चित्रपटाचा धडा आहे. आजच्या संगणकीय राक्षसपटांत बहुधा हेच राहून जाते.

मुखवटाधारी खुन्याचा चित्रपट, म्हणजे स्लॅशर, दुसऱ्या टोकाला उभा राहतो. तिथे प्रेक्षकाला पात्रापेक्षा जास्त ठाऊक असते. 'हॅलोवीन'च्या सुरुवातीचा लांबलचक शॉट आपल्याला खुन्याच्याच डोळ्यांनी घरात नेतो, आणि पुढे रुंद पडद्याच्या कडेला, झुडपाआड किंवा दारात, तो पांढरा चेहरा आपल्याला दिसतो तेव्हा नायिका लॉरी दुसरीकडे पाहत असते. हिचकॉकचा बॉम्ब इथे चालता-फिरता झाला आहे. पण प्रेक्षकाला पुढे ठेवायचे तर पात्राला मागे ठेवावे लागते, आणि सुमार लेखकाच्या हाती मागे ठेवणे म्हणजे मूर्ख बनवणे होते. सव्वातीन लाख डॉलरांच्या आसपास खर्चात बनलेल्या 'हॅलोवीन'ने कोट्यवधींची कमाई केल्यावर जी लाट आली, तिच्यात पात्रांची नावेही लक्षात राहिनाशी झाली. राहिली ती मारण्याच्या पद्धतींची यादी. या लाटेवर स्त्रीद्वेषाचा आरोप झाला आणि तो बऱ्याच चित्रपटांबाबत खरा आहे. तरीही चित्रपट-अभ्यासक कॅरल क्लोव्हरने 1992 च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिले, की शेवटी वाचणारी मुलगी हीच या कथांची खरी दृष्टी असते आणि बहुसंख्येने तरुण पुरुष असलेला प्रेक्षक तिच्याच बाजूने श्वास रोखून बसतो. हे शक्य होते, कारण उत्तरार्धात त्या मुलीची माहिती आपल्या माहितीला येऊन मिळते. ती पाहू लागते, शोधू लागते. ज्या स्लॅशरमध्ये ही भेट घडत नाही तो नुसता मोजदाद करत राहतो. वेस क्रेव्हनच्या 'स्क्रीम'मध्ये (1996) पात्रांनाच या उपप्रकाराचे नियम पाठ असतात. हा डाव चपखल होता, पण नियम ठाऊक असण्याचीच गंमत एकदा संपली की तोही नवा नियम होतो.

छळपट आणि बॉडी हॉरर यांची गल्लत करू नये, म्हणून त्यांना इथे एकत्र घेतले आहे. दोन्हींत शरीराची विटंबना दिसते, पण पहिल्यात ते शरीर कोणाचेही असू शकते. 'सॉ' (2004) बराचसा एका खोलीतले कोडे म्हणून चालतो. त्याच्या उत्तरभागांत कोडे आक्रसत गेले आणि यंत्रे वाढत गेली. 'हॉस्टेल' (2005) आल्यानंतर डेव्हिड एडेलस्टाइन या अमेरिकी समीक्षकाने 2006 मध्ये या लाटेला 'टॉर्चर पॉर्न' म्हटले, आणि ते नाव चिकटले. किळशीची सवय लवकर होते आणि सवय झाली की पुढच्या चित्रपटाला आणखी क्रूर व्हावे लागते. या मार्गाला शेवट नसतो. डेव्हिड क्रोननबर्गच्या 'द फ्लाय'मध्ये (1986) किळस कमी नाही, उलट जास्तच आहे. तिथे मात्र झडत चाललेले शरीर प्रेयसीच्या डोळ्यांदेखत झडते, आणि जुगुप्सेतून करुण निर्माण होतो. बीभत्साला दुसऱ्या एखाद्या रसाची जोड मिळाली तर तो टिकतो, एकट्याने फार काळ टिकत नाही.

झोंबीपटात लपवण्यासारखे जवळजवळ काहीच नसते. मेलेले उठतात, चावतात, चावलेला त्यांच्यात सामील होतो, एवढा नियम पाच मिनिटांत कळतो. या उघडेपणामुळेच सगळे लक्ष जिवंतांकडे वळते, हे या उपप्रकाराचे बळ. जॉर्ज रोमेरोच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मध्ये (1968) एका घरात अडकलेली माणसे मेलेल्यांपेक्षा आपसांतल्या भांडणामुळे हरतात, आणि रात्रभर तगलेला कृष्णवर्णीय नायक सकाळी मदतीला आलेल्या गोऱ्या टोळीच्या गोळीने मरतो. दहा वर्षांनी रोमेरोने 'डॉन ऑफ द डेड' पेनसिल्व्हेनियातल्या मनरोव्हिल मॉलमध्ये नेला. मेल्यावरही खरेदीला येणाऱ्या गर्दीवर वेगळे भाष्य करण्याची गरज राहिली नाही. पण रोमेरोने झोंबीला त्याच्या मूळ इतिहासापासून तोडले, हेही नोंदवायला हवे. हैतीच्या लोकसमजुतीतला झोंबी हा दुसऱ्यासाठी राबवला जाणारा मृतदेह आहे, गुलामीच्या आठवणीतून आलेला, आणि 'व्हाइट झोंबी'मधल्या (1932) उसाच्या गिरणीत तो तसाच दिसतो. मूळ तुटल्यामुळे झोंबी कुठल्याही अर्थाला लावता येऊ लागला, आणि त्यामुळेच तो अनेकदा कुठल्याच अर्थाचा राहिला नाही. गर्दी वाढली की भीती जाऊन हाणामारी उरते. दक्षिण कोरियाच्या 'ट्रेन टू बुसान'ने (2016) आगगाडीच्या डब्यांत कथा कोंडून हे टाळले. मराठीत आदित्य सरपोतदार यांच्या 'झोंबिवली'ने (2022) टॉवर आणि झोपडपट्टी यांच्यातली भिंत केंद्रस्थानी ठेवली, म्हणजे रोमेरोचाच धागा डोंबिवलीपर्यंत आणला.

झपाटलेल्या माणसाच्या चित्रपटाचे बळ संशयात असते, आणि नेमके तेच त्याचे अनुकरण करणारे वगळतात. 'द एक्सॉर्सिस्ट' (1973) लक्षात राहतो तो हिरव्या ओकारीसाठी. पण त्याचा एक महत्त्वाचा भाग दवाखान्यात घडतो. तपासण्या होतात, औषधे होतात, डॉक्टर हात टेकतात, आणि ज्या पाद्र्याकडे झपाटलेल्या मुलीची आई जाते तो स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आणि श्रद्धा डळमळलेला माणूस असतो. विज्ञानाच्या सगळ्या वाटा चालून झाल्यावर चित्रपट श्रद्धेच्या दारात येतो, म्हणून तिथला प्रवेश प्रेक्षकालाही मान्य करावा लागतो. विकास देसाई आणि अरुणा राजे यांच्या 'गहराई'त (1980) श्रीराम लागू यांनी उभा केलेला बाप भूतबाधा न मानणारा आहे. गावाकडची जमीन त्याने विकलेली असते आणि झपाटलेल्या मुलीच्या तोंडून त्याच्याच जुन्या अपराधाचा हिशोब बाहेर येतो. तिथे बाधा खरी की खोटी यापेक्षा आरोप खरा आहे, ही गोष्ट जास्त बोचते. या उपप्रकाराची किंमत अशी, की शेवटी मांत्रिकाला किंवा पाद्र्याला बरोबर ठरवावेच लागते. संशय जितका खोल, तितका हा कौल कमी ढोबळ वाटतो. संशय वगळला की उरतो तो केवळ मंत्रोच्चारांचा गोंगाट.

याच मुद्द्यावर महाराष्ट्रात एक आक्षेप जोराने घेतला जातो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही: असे चित्रपट अंधश्रद्धेला खतपाणी घालतात. ज्या राज्यात नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, तिथे हा प्रश्न पुस्तकी नाही. त्याचे उत्तर असे देता येईल, की पडद्यावरचे भूत पाहणारा प्रेक्षक त्या काळापुरता एक गृहीतक मान्य करतो, आणि चांगला भयपट ते गृहीतक आहे हे लपवत नाही. धोका तिथे आहे, जिथे चित्रपट संशयाची पायरीच काढून टाकतो आणि वैद्य, शिक्षक किंवा विवेकी माणूस यांना केवळ हास्यास्पद करून मांत्रिकाला सर्वज्ञ ठरवतो. म्हणजे कलेच्या अंगाने जो दोष आहे, तोच सामाजिक अंगानेही दोष ठरतो. आक्षेप त्यामुळे सगळ्या भयपटांना लागू होत नाही, पण आळशी भयपटांना पूर्णपणे लागू होतो.

पात्रांनीच केलेले, नंतर सापडलेले खरे चित्रीकरण असल्याचा दावा करणाऱ्या फाउंड फुटेजने माहितीची गणिते कॅमेऱ्यापुरती संकोचवली. प्रेक्षकाला पात्राइतकेच, किंबहुना पात्राच्या हातातल्या कॅमेऱ्याइतकेच ठाऊक. 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' (1999) अगदी तुटपुंज्या खर्चात चित्रित झाला आणि जगभरात त्याने सुमारे 25 कोटी डॉलर मिळवले. 'पॅरानॉर्मल अॅक्टिव्हिटी'ने (2007) सुमारे 15 हजार डॉलरांत बेडरूममधला एक स्थिर कॅमेरा रात्रभर चालू ठेवला आणि आपल्याला कोपरे न् कोपरे न्याहाळायला लावले. त्या रिकाम्या चौकटीकडे टक लावून बसणे हे या उपप्रकाराने दिलेले खरे देणे. मात्र सगळे काही उधळत असताना हा माणूस कॅमेरा का खाली ठेवत नाही, या प्रश्नाला त्याच्याकडे सहसा उत्तर नसते. खरेपणाचा दावाही फार काळ चालत नाही. इटलीत रुजेरो देओदातोला 'कॅनिबल होलोकॉस्ट'नंतर (1980) आपले नट जिवंत आहेत हे न्यायालयाला दाखवून द्यावे लागले होते. आजचा प्रेक्षक पहिल्याच मिनिटाला हसून मान डोलावतो. दावा संपला की उरतो तो हलता कॅमेरा, आणि तो भीतीपेक्षा डोकेदुखी जास्त देतो.

फोक हॉररमध्ये नियम सगळ्या गावाला ठाऊक असतो, ठाऊक नसतो तो फक्त पाहुण्याला. त्यामुळे अंधाराची गरज राहत नाही. 'द विकर मॅन' (1973) आणि 'मिडसोमार' (2019) लख्ख उन्हात घडतात, कारण लपवलेली गोष्ट जागेत नसून माणसांच्या सहमतीत असते. किंमत मात्र जड आहे. शहर शहाणे आणि गाव रानटी असा सरळ भेद या रचनेत जन्मतःच बसलेला असतो, आणि भारतात तो अधिकच खोटा ठरतो. विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी'त (2017) गरोदर बाई उसाच्या फडातल्या घरात अडकते आणि स्त्रीभ्रूणहत्येचा इतिहास तिच्याभोवती फिरू लागतो. हे पाप केवळ त्या फडाचे मानले तर चित्रपट खोटा ठरेल. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 साली केला तो शहरी दवाखान्यांतल्या तपासण्यांमुळे, हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला उसाचा फड दूरचा वाटत नाही. नारायण धारपांच्या कथेपासून प्रेरणा घेतलेल्या 'तुंबाड'ने (2018) हा पेच वेगळ्या रीतीने सोडवला. हस्तर या देवाची कथा आणि तिचे नियम आपल्याला आरंभीच सांगितले जातात, नायक विनायकलाही ते पक्के ठाऊक होतात. पाहुणा नाही, रहस्यही फारसे नाही. तरी तो पुन्हा पुन्हा खाली उतरतो. कळूनही न थांबणारा लोभ हीच तिथली भीती, आणि ती लपवून वाढणारी नाही. भयपटाची भीती अज्ञानावरच पोसते, या समजुतीला याहून चांगले प्रत्युत्तर आपल्याकडे क्वचितच मिळेल.

सामाजिक आणि मानसिक भयपटांना अलीकडे वरच्या रांगेत बसवले जाते, जणू रूपक आले की उपप्रकाराची पायरी वाढते. जॉर्डन पीलच्या 'गेट आउट'ला (2017) मूळ पटकथेचे ऑस्कर मिळाले ते वंशद्वेषाचे रूपक होते म्हणून नव्हे. त्यातली शरीर बळकावण्याची योजना रूपक बाजूला ठेवूनही कथेत चोख बसते, आणि तिचे दुवे पहिल्या अर्ध्या तासात उघड्यावर पडलेले असतात, हे त्याचे बळ. या उपप्रकाराचा आजार असा, की अर्थ राक्षसाला गिळतो. भूत म्हणजे शोक, राक्षस म्हणजे नैराश्य एवढे समीकरण कळले की भिण्यासारखे काही राहत नाही. विनोदी भयपटाची अडचण उलट दिशेची आहे. मराठी पडद्यावर भूत बराच काळ 'झपाटलेला' (1993) आणि 'पछाडलेला' (2004) यांच्या वाटेनेच आले. महेश कोठारे यांनी ते घरातल्या सगळ्यांना एकत्र बसून पाहता येईल असे केले, आणि 'झपाटलेला'मधला तात्या विंचू तर घरोघरी पोहोचला. हसू आणि धसका एकमेकांना उसंत देतात हा फायदा. तोटा असा, की ज्याच्यावर हसून झाले आहे त्याची भीती परत आणणे कठीण जाते. कोकणातल्या समजुतीवर उभ्या असलेल्या 'मुंज्या'लाही (2024) उत्तरार्धात हीच कसरत करावी लागते.

या मांडणीवर आणखी तीन आक्षेप संभवतात. पहिला, की उत्तम भयपट उपप्रकारांची कुंपणे मानत नाहीत. 'एलियन' (1979) हा अवकाशातला हवेलीपट, राक्षसपट, स्लॅशर आणि बॉडी हॉरर एकाच वेळी आहे. हे खरे, पण तो चालतो कसा हे पाहिले तर वर्गीकरणच उपयोगी पडते. छाती फाडून बाहेर येणारा जीव जेवणाच्या टेबलावर, भर उजेडात दिसतो, आणि त्यानंतर वाढलेला प्राणी अंधारात, तुकड्यातुकड्यांनी. प्रत्येक उपप्रकाराची किंमत तिथे आळीपाळीने चुकवलेली आहे. दुसरा आक्षेप, की भीती व्यक्तीगणिक आणि संस्कृतीगणिक बदलते, मग असे नियम कशाला? भीतीचा विषय बदलतो, यात शंका नाही. पण कॅथलिक श्रद्धा नसलेला भारतीय प्रेक्षक 'द एक्सॉर्सिस्ट'ला घाबरला आणि जपानी लोककथा न ऐकलेले प्रेक्षक हिदेओ नाकाताच्या 'रिंगू'ला (1998) घाबरले, याचा अर्थ माहिती देण्याची आणि रोखण्याची रचना विषयापेक्षा दूरवर पोहोचते. तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे: उपप्रकार पैशातून जन्मतात, स्वस्त खुनी आणि स्वस्त कॅमेरा यांतून. जन्म तसा झाला, हे मान्य. ल्यूटनकडे पैसे नव्हते म्हणून त्याने अंधार वापरला. पण तितक्याच तुटपुंज्या पैशांत त्याच दशकात निघालेले शेकडो चित्रपट विस्मरणात गेले. अडचण सगळ्यांना सारखीच होती, तिच्यातून निर्णय मोजक्यांनीच घडवला.

पुढची प्रकरणे वाचताना एवढी एक कसोटी हाताशी ठेवावी. चित्रपटाने काय दाखवले, त्याच्या बदल्यात काय लपवले, आणि प्रेक्षकाने नियम ओळखल्यावर त्याच्याकडे काय उरले? ज्याच्याकडे काही उरते तो स्लॅशर असो वा भूतपट, दुसऱ्यांदाही घाबरवतो. ज्याच्याकडे काहीच उरत नाही त्याला उपप्रकाराची प्रतिष्ठा वाचवू शकत नाही. मराठीत धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्यासारख्यांनी घडवलेली भयकथेची आणि गूढकथेची मोठी परंपरा असताना पडद्यावर मात्र आपण बराच काळ एकाच उपप्रकारावर भागवले. वाचकांची तयारी होती, दिग्दर्शकांनी निवड केली नाही. 'लपाछपी' आणि 'झोंबिवली' यांनी ती सुरू केली आहे. यापुढे येणाऱ्या चित्रपटांचे मोल हवेली आहे की फ्लॅट, भूत आहे की खुनी यावर ठरू नये. आपण काय रोखून धरतो आहोत आणि कशासाठी, हे त्यांच्या दिग्दर्शकांना ठाऊक होते की नाही, यावर ते ठरावे.